बत्तीस नंबरची नळी

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार. हिंगोली

प्रकल्पाकडून दोन वह्या मिळाल्या. एकीत रोजचं तापमान, वीज कधी गेली आणि किती नळ्या भरल्या हे लिहायचं, ती डॉ. सृष्टी तपासणार. दुसरी उरली, ती ही. हिच्यात तापमान लिहायचं नाही एवढं आजच ठरवून टाकतो.

सव्वीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात लोकांचं रक्त तपासतो. साखर, हिमोग्लोबिन, मलेरिया. आता तीन महिने मला विद्यापीठाच्या कामावर उसना दिलाय. साहेबांनी माझंच नाव का सुचवलं, तर माझी जीभ तीन महिने दुसऱ्या कुणाला तरी लागावी म्हणून, असं आमच्या शिपायाचं मत आहे. ते मला त्यानंच सांगितलं. चहा माझ्याकडून पिऊन.

काम असं. म्हातारपणी विसरणं दोन तऱ्हेचं: एक वयाचं, दुसरं रोगाचं, अल्झायमरचं. दुसरं घरच्यांच्या ध्यानात येतं तोवर मेंदू दहा-पंधरा वर्षं आतून पोखरला गेलेला असतो. त्या पोखरण्यात एक प्रथिन मेंदूतून रक्तात उतरतं. किती, तर ईसापूर धरणात चिमूटभर हळद टाकावी आणि कळमनुरीच्या नळाला ती ओळखावी, इतकं. ते ओळखायला सृष्टीबाईंनी एक पट्टी केलीय. बोटभर लांब, साखर तपासायच्या पट्टीची थोरली बहीण म्हणा. टोकावर कार्बनचा थर, थरावर सोन्याचे कण. एका केसाच्या रुंदीत असे चार हजार कण ओळीनं बसतील. त्या कणांवर नेमकं ते प्रथिन धरून ठेवणारे रेणू चिकटवलेत. प्रथिन येऊन बसलं की पट्टीतून जाणारी वीज अडते, आणि किती अडली ते मोबाइलवर दिसतं.

कुणीतरी येऊन बसलं की पुढचं काम अडतं, हे तत्त्व मला समजायला वेळ लागला नाही. सरकारी नोकरी आहे.

१९ नोव्हेंबर. गोरेगाव

पहिलं शिबिर. साठीपुढचे चाळीस जण येतील असा अंदाज होता, सत्तर आले, कारण कुणीतरी डोळे तपासणार आहेत म्हणून उठवून दिलं होतं. सरपंच तातेरावांनी नारळ फोडला आणि विसराळूपणावर भाषण करताना बाईंचं नाव विसरले. नंतर पट्टी उन्हाला धरून विचारत होते, ह्याच्यात सोनं किती? बाईंनी खरं उत्तर दिलं. तातेरावांनी पट्टी परत दिली आणि म्हणाले, एवढ्यासाठी नांदेडाहून गाडी करून आल्या व्हय.

बाई एकतीस वर्षांच्या, मूळच्या कळमनुरीच्या. मला काका म्हणतात. नळीवर नाव घालायचं नाही, नुसता नंबर. नंबर कुणाचा ते एका कागदावर, कागद पाकिटात, पाकीट त्यांच्या कपाटात. आकडा कुणालाही सांगायचा नाही, कारण पट्टी अजून शिकाऊ आहे. शिकाऊ माणसांनी निदान सांगितलेलं मी फार पाहिलंय, पण पट्टीला शिस्त लावलेली बरी.

सव्वीस वर्षांत माझं एकही लेबल चुकलेलं नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

२३ नोव्हेंबर, रविवार. गावी

जीपनं गोरेगाव, तिथून सहा किलोमीटर आत आमचं गाव. घरी एकशे चाळीस मेंढरं. बा आणि धाकटा शिवहार ती सांभाळतात. मी शिकून वेगळा झालो. ते लोकर कातरतात, मी सुई टोचतो.

अंगणात बसलो होतो. तेवढ्यात मायनं बाला हाक मारली, "पुंजाजी, इकडं या."

मला आधी वाटलं, दुसरा कुणी पुंजाजी आलाय. चौपन्न वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून नवऱ्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही. मतदार यादीवाला विचारायचा तर ती शेजारणीला सांगायला लावायची. शिवहारची बायको पदर तोंडात कोंबून आत पळाली. मी विचारलं, माय, हे काय नवीन? ती म्हणाली, "तोंड हाय. आलं."

शिवहार म्हणाला, तीन महिने झाले हे चालू होऊन. गाव हसतंय.

शिवाय बोलणं किती वाढलंय. बाला काही विचारलं की उत्तर ही देणार. मी विचारलं, बा, औंदा मेंढरं कोणत्या वाटेनं? तर ही भाजी निवडता निवडता: सेनगाववरनं रिसोडाकडं, तिथं देशमुखाच्या वावरात दहा दिवस बसवायची, मग नाल्याच्या कडंनं पुढं. बा आपला मान हलवतो. बिचारा. संसारात माणसाला एक तरी वाक्य पुरं करू द्यावं. आणि तो उठला की ही उठते, तो गोठ्यामागं गेला तरी ही चार पावलं मागं. या वयात काय हा पहारा.

२५ नोव्हेंबर. गावी

आमच्या गावचं शिबिर. एकतीस नंबरची नळी मायची, बत्तीस नंबरची बाची. नंबर ध्यानात ठेवायचे नसतात. स्वतःच्या आईबापाचे कसे विसरायचे ते मात्र नियमात दिलेलं नाही.

रक्ताआधी प्रश्न विचारतात. एकेकट्याला बसवून, कागदाची भाषा गावच्या भाषेत सांगायला मी दुभाष्या. बाला विचारलं, आज वार कोणता? बा म्हणाला, "मेंढराला काय वार असतोय व्हय बाई? ते रोजच खातंय." बा हसला, मीही हसलो. महिना? "थंडीचा." मग कुलूप, कंगवा आणि वाटी दाखवून झाकली, आणि पाच मिनिटांनी विचारलं, काय काय होतं? बा म्हणाला, "वस्तू तुमच्या. तुमी सांबाळा."

बाईंचं पेन अडलं. मी त्यांना समजावलं की हा शहरी कागद आहे, आमच्या लोकांना असले प्रश्न लागू नाहीत. त्यांनी समासात 'स्थानिक संदर्भ' असं लिहिलं. म्हाताऱ्याची जीभ पाहून मला बरं वाटलं. माझी कुठून आली ते कळलं.

मायनं वार सांगितला, महिना सांगितला, तिन्ही वस्तू सांगितल्या, आणि कंगव्याचे दोन दात तुटलेत हेही. म्हणजे मायचा रोग अजून सुरुवातीलाच असावा. कारण उठताना तिनं बाईंचा हात धरून विचारलं, "याला औषिद हाय का?"

कशाला माय, मी म्हटलं.

"ह्यालाच. इसरायला."

तिला रोगाबद्दल कुणी एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. ज्याचं त्याला आतून कळतं म्हणतात. पुढच्या चार नळ्या मी न बोलता भरल्या.

३० नोव्हेंबर. हिंगोली

शिवहार बाजाराला आला होता, घरी जेवला. म्हणाला, "दादा, मायचं काई खरं न्हाई. कोकराच्या गळ्यात रंगीत दोरे बांधून राहिली. ज्या रंगाचा कोकराला, त्याच रंगाचा त्याच्या मेंढीला. म्हनती, वळखू यावं. आता बाला कोकरू वळखू येत न्हाई व्हय? एकशे चाळीस तोंडं पाठ असलेला मानूस."

ठरलं ते असं. संक्रांत झाली की मेंढरं बाहेर निघतील, ती पावसाळ्यापर्यंत परत येत नाहीत. दरवर्षी माय बरोबर जाते, भाकऱ्या थापते. औंदा तिनं जायचं नाही. रानात कुठं वाट चुकली तर शोधायचं कुणी? तिनं हिंगोलीला माझ्याकडं राहायचं, बा आणि शिवहारनं जायचं. आमच्या बंटीची आई तयार आहे. सासू येणार म्हटल्यावर एका दमात तयार झालेली बायको मी पहिल्यांदा पाहिली.

मायला फोनवर सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ह्यांच्या संगं कोन?"

शिवहार आहे की.

"शिवहार मेंढरामागं राहील. ह्यांच्यामागं कोन?"

मी म्हटलं, बा काय कोकरू आहे का? तिनं फोन सुनेच्या हातात दिला. रुसली. या रोगात रुसवेही वाढतात, असं मी वाचलंय.

४ डिसेंबर

पट्टीवर थेंब सोडायचं काम करणाऱ्या मुलीचं लग्न ठरलं, ती गेली. ते काम आता माझ्याकडं. खरं तर लेबल लावणाऱ्यानं आकडा पाहू नये. बाई म्हणाल्या, काका, शंभर नळ्यांत तुम्हाला कुठं कुणाचा नंबर आठवतोय. मी गप्प बसलो. हे फार वेळा घडत नाही, म्हणून नोंद.

११ डिसेंबर

सकाळी दोनदा वीज गेली. ते दुसऱ्या वहीत लिहिलंय.

बाईंनी आलेखावर एक रेघ ठरवलीय. रेघेच्या आत असलेला निर्धास्त, रेघेपलीकडचा संशयित. दुपारी एकतीसची पट्टी लावली. मन घट्ट करून बसलो होतो. रेघेच्या कितीतरी आत. माझं स्वतःचं रक्त नमुन्याला तपासलं होतं, त्याच्याच शेजारी. मी मोबाइल पुसून पुन्हा पाहिला.

मग बत्तीस. रेघेच्या दुप्पट पलीकडं.

लेबलं उलटी लागली. दुसरं काय असणार?

१२ डिसेंबर

दोन्ही नळ्या नव्या पट्ट्यांवर पुन्हा लावल्या, तीन-तीनदा. आकडे तेच. पट्टी खरी असेल तर मी चुकलो असणार. सव्वीस वर्षांचा लौकिक गेला असं मानायला मला एक कप चहा पुरला, आणि मोकळं वाटलं याचं नवल वाटतंय. त्या दिवशी चार नळ्या न बोलता भरल्या होत्या. तेव्हाच घोळ झाला असेल. मी बोलत असलो की चुकत नाही.

रविवारी जाऊन दोघांचं रक्त पुन्हा घेतो. नियमात बसत नाही. माय हिंगोलीला येण्याआधी खात्री केलेली बरी, एवढंच.

१४ डिसेंबर, रविवार. गावी

रक्त घेतलं. बाची नळी बर्फाच्या डब्यात उजवीकडं, मायची डावीकडं. हे लिहितोय, पण आता त्या तपासायची गरज उरलेली नाही.

दिवस मावळायला मेंढरं आली. दिवसभर कोकरं वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडलेली असतात. संध्याकाळी एकेक कोकरू उचलून त्याच्या त्याच्या आईखाली लावायचं. ते सगळं एकदम ओरडतं, तेवढ्या कालव्यात धनगर कोकराचं तोंड पाहतो आणि नेमकी मेंढी गाठतो. हे काम बाचं. शिवहारला अजूनही नीट जमत नाही. मी लहानपणी शिकायचा प्रयत्न केला, म्हणून मला शाळेत घातलं.

बानं एक कोकरू उचललं आणि उभा राहिला. बराच वेळ. कोकराकडं पाहत होता, जसं कुणी अनोळखी लिपीतलं पत्र हातात दिलंय. जाळीपलीकडून माय हळूच म्हणाली, "पुंजाजी. हिरवा." त्यानं मान वळवली, तिच्याकडं पाहिलं, मग हिरवा दोरा शोधत गेला. "पुंजाजी. लाल." पुन्हा वळला. शिवहार दुसऱ्या टोकाला पाणी शेंदत होता. त्याला ऐकू जाऊ नये एवढाच तिचा आवाज.

एक कोकरू त्यानं तिचं न ऐकता लावलं. मेंढीनं ढुशी दिली, ते दोन कोलांट्या खाऊन पडलं. बा माझ्याकडं पाहून हसला. "आज तिची तब्येत बरी न्हाई वाटतं," म्हणाला.

ते हसू मी ओळखलं. बाईंनी वार विचारला तेव्हा हेच होतं. मी त्याला विनोद समजून दाद दिली होती, वर समासात शेरा लिहून घेतला होता.

मायला चुलीपाशी गाठलं. कधीपासून, विचारलं.

"पोळ्यापासनं. 'अवं' म्हनलं की आइकू जायचं, पन कुनाला म्हनलं त्ये कळंना. इकडं तिकडं बघायचे. नाव घेतलं की वळतेत. म्हनून घेते."

"मग मला काहून सांगितलं नाहीस?"

ती तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "तू हसतोस, बाबा. समद्यालाच हसतोस. त्यायला हसला असतास."

मी चुलीत एक काटकी सारली.

"आन शिवहारला कळलं तर मेंढरं काढून घेईल त्यायच्याकडनं. काळजीनंच घेईल, पन घेईल. मंग काय ऱ्हातंय? मला येडी म्हनून ऱ्हायले तर म्हनू दे. मला काय कळप हाकायचा हाय?"

आम्ही दोघा भावांनी तिच्या वेडाची केवढी व्यवस्था लावली होती. हिंगोलीच्या मुक्कामासकट.

१६ डिसेंबर. नांदेड

सृष्टीबाईंना सगळं सांगितलं: नंबर ध्यानात होते, आकडे पाहिले, पुन्हा रक्त काढलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. एकतीस आणि बत्तीस अभ्यासातून वगळावे लागतील, म्हणाल्या, आणि वहीत दोन रेघा मारल्या. मी म्हटलं, पण पट्टी बरोबर निघाली ना? त्या म्हणाल्या, "डॉक्टर बघेपर्यंत तसं म्हणायचं नाही, काका. आणि निघाली असली तरी आता ते मला कुठं लिहिता येणार नाही."

मग मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिली.

मी निघताना त्यांनी एकच विचारलं, तुमच्या आईंना कधी कळलं? पोळ्याला, म्हणजे ऑगस्टात. त्यांनी बोटांवर महिने मोजले. साडेतीन महिने, बाईंच्या सोन्याआधी.

२१ डिसेंबर. गावी

शिवहारला सांगितलं. आधी म्हणाला, पट्टीच खोटी असंल. मग म्हणाला, परवा बा मला काका म्हणाला होता, मी समजलो चेष्टा करून राहिला. मग उठला आणि दिवसभर मेंढरांत राहिला.

बाला रानात न्यायचं की नाही, हे नांदेडचे डॉक्टर सांगतील त्यावर. मायला हिंगोलीला आणायचं काढलं होतं ते मात्र आम्ही दोघांनी मिळून पुसलं. तिला ते सांगायचं माझ्याच वाट्याला आलं. ती म्हणाली, बरं. एवढंच.

६ जानेवारी २०२६. नांदेड, मग हिंगोली

आधी निकाल लिहितो. रोगच आहे, सुरुवातीचा. गोळी दिलीय, ती विसरणं थांबवत नाही, थोडं सावरून धरते. मेंढरामागं जाऊ द्या, डॉक्टर म्हणाले, पायाखालची वाट आणि हातचं काम काढून घेऊ नका, पण क्षणभरही एकटं नको. सोळा तारखेला कळप निघेल. वाट शिवहार धरेल, कोकरं बा लावील, माय बाच्या मागं. दर रविवारी ते जिथं असतील तिथं मी. पावसाळ्यापर्यंत एवढं ठरलंय. त्याच्या पुढचं डॉक्टरांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

एक गोष्ट राहिली.

खोलीत बा बाकावर, माय भिंतीला टेकून उभी, मी दाराशी. डॉक्टरांच्या हातात प्रश्नांचा कागद. वार विचारला, बा हसला. मी हसलो नाही. डॉक्टरांनी फुली मारली. अशा बऱ्याच झाल्या. मग त्यांनी मायकडं बोट करून विचारलं, बाबा, ह्या कोण? बा म्हणाला, "घरची." नाव काय त्यांचं?

बानं मान खाली घातली. डॉक्टर थांबले, आणि फुली मारली.

मी म्हणालो, सर, ही फुली चुकली. आमच्यात पुरुष बायकोचं नाव घेत नाही. मुलांच्या मार्कांसाठी मास्तरांशी भांडणाऱ्या बापांची मी आयुष्यभर टिंगल केली. एका मार्कासाठी तसाच उभा होतो.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मान्य. पण त्यांना ते येतं का?"

बानं ते नाव घेतलेलं मी जन्मात ऐकलेलं नाही. आत आहे की गेलं, आणि गेलं असेल तर कधी, हे कोण सांगणार? बाईंची पट्टी प्रथिन मोजते. मी मायकडं पाहिलं. तिलाही माहीत नव्हतं, तिच्या तोंडावर दिसलं.

"ऱ्हाऊ द्या, सायेब," ती म्हणाली. "लाजतेत त्ये."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. फुली तशीच राहिली, मी आणखी भांडलो नाही. बानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, बाकावर सरकून शेजारी जागा केली आणि कुणाकडंही न पाहता म्हणाला, "बस."

कुणाला, ते आम्हा सगळ्यांना कळलं.